दार लोटून जेवणारी

"जिरं कुठं ठेवलं असेल या बाईंनी, देव जाणे! एक वस्तू हाताला लागेल तर शपथ..."

भिंतीपलीकडून प्रेमलतेचं पुटपुटणं आलं, पाठोपाठ दोन डबे आपटल्याचा आवाज आला आणि त्यामागून एक लांब, दमलेला सुस्कारा. भिंत तरी कसली, स्वयंपाकघर आणि धान्याची खोली यांच्यामध्ये उभा केलेला प्लायवुडचा आडोसा होता तो; अलीकडे खाटेवर पडलेल्या गोपिकेला पलीकडची फोडणीच काय, माणसाचा श्वाससुद्धा ऐकू येई. जिरं दुसऱ्या फळीवर होतं, हळदीच्या मागं, निळ्या झाकणाच्या बरणीत. अठ्ठावीस वर्षांपासून तिथंच होतं. ते सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं. पण घशातून नुसता खरखरीत वारा बाहेर आला. महिना झाला, आवाजानंही तिची साथ सोडली होती.

'जागा नाई बदलली वं प्रेमा,' ती मनातल्या मनात म्हणाली, 'तू कधी पाह्यलंच नाई.'

स्वतःच्याच या बोलण्याचं तिला हसू आलं, आणि हसण्यापाठोपाठ डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. आजारी माणसाचं हे एक बरं असतं. निजूनच असल्यामुळे आसवं गालांवर दिसत नाहीत, परस्पर उशीत जातात.

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या गल्लीतलं ते घर बाहेरून पाहणाऱ्याला अगदी भरलेलं वाटे. घरधनी मनोहरराव, उमरेड रोडवर त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान. विहिरींवरचे जळालेले पंप टेम्पोत घालून लोक तिथं आणत. त्यांची बायको प्रेमलता एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. एकुलती लेक रितिका, जिचं नुकतंच डिसेंबरात लग्न होऊन ती अमरावतीला गेली होती. आणि गोपिका! मनोहररावांची वहिनी, प्रेमलतेची मोठी जाऊ, रितिकेची मोठीआई... इतकी सगळी नाती असूनही कोणी विचारलं, 'घरी कोण कोण असता?' तर मनोहरराव सवयीनं 'आम्ही तिघं' म्हणत, आणि मग जीभ चावून जोडत, 'अन् वहिनी.'

गोपिका नरखेडकडच्या एका खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी या घरात आली, अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा झाली. तिचा नवरा रुपराव, दुकान त्यानंच उभं केलेलं, कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेला. माहेरहून भाऊ न्यायला आला होता. पण सासू अंथरुणाला खिळलेली, दीर जेमतेम बावीस वर्षांचा, दुकानात वायरी गुंडाळताना रडणारा... गोपिकेनं भावाला चहा दिला आणि परत पाठवलं. त्या एका चहाची किंमत पुढं एकोणतीस वर्षं ती देत राहिली, आणि खरं सांगायचं तर तिला ती कधी जड वाटली नाही. दिराचं लग्न तिनंच जमवलं. नोकरीवाली सून आणली, तिला सकाळी साडेनवाला डबा भरून दिला. तिची बाळंतपणं केली. दोन गेली, तिसरी रितिका जगली, आणि ती आईच्या दुधानंतर जर कोणाच्या हातानं जेवली असेल तर मोठीआईच्याच!

पण सासूनं घालून दिलेला एक नियम होता. तेराव्याच्या दिवशी अंथरुणावरूनच ती म्हणाली होती, "आता तुयं ताट पंगतीत नको वं. समद्यांच्या मागून जेवत जाय, अन् दार लोटून घेत जाय." झालं! त्या दिवसापासून गोपिका सगळ्यांचं आवरल्यावर, स्वयंपाकघराचं दार लोटून, मोरीजवळ भिंतीला टेकून जेवू लागली. सासू जाऊन बारा वर्षं झाली. तिची खाट भंगारात गेली, तिच्या साड्यांची पायपुसणी झाली, पण नियम तसाच राहिला. 'वहिनी, आता या न बाहेर' असं म्हणायला कोणाला मनाई नव्हती. फक्त कोणी म्हटलं नाही. वाईट हेतूनं नव्हे हं! रोज जे दिसतं ते माणसाला दिसत नाही, एवढंच.

आणि म्हणूनच गेल्या आषाढात पहिल्यांदा भाकरीचा घास छातीच्या मधोमध अडकला, तेव्हा ते पाहणारं त्या घरात कोणीच नव्हतं. गोपिका पाणी प्यायली, पाठीवर आपणच मूठ मारून घेतली, घास उतरला. तिखट जास्त झालं असेल, म्हणाली. मग आठवड्यातून एकदा अडकणारा घास रोज अडकू लागला. तिनं भाकर सोडली, पोळी वरणात कुस्करून खाऊ लागली. पोळी जाईना तेव्हा भात, भातही टोचू लागला तेव्हा वरणाचं पाणी... ताटातलं उरलेलं ती मागच्या दारच्या गाईला घाली. गाय मात्र त्या पावसाळ्यात चांगली धष्टपुष्ट झाली!

मग आल्या महालक्ष्म्या.

विदर्भातल्या घरात महालक्ष्म्या म्हणजे काय, ते सांगायला नको. सोळा भाज्या, आंबील, पुरण, वडे, शंभर माणसांचं जेवण. सवाष्ण म्हणून नैवेद्याचं ताट प्रेमलतेनं न्यायचं, आणि ते ताट पहाटेपासून ज्या हातांनी रांधलं त्या हातांनी त्या दिवशी देवघराच्या उंबऱ्याअलीकडेच थांबायचं, हेही ठरलेलंच. पंगती उठल्या, बायका हळदीकुंकू घेऊन गेल्या, तेव्हा दुपारचे चार वाजले होते. गोपिकेनं दार लोटलं. आज तरी पुरणाची पोळी खावी, असं तिला लहान मुलीसारखं वाटलं. तिनं पोळी दुधात बुडवून मऊ केली, आणि एक घास तोंडात घातला...

तो घास खाली गेला नाही. वरही येईना. छातीत जणू कोणी मूठ आवळून धरली! ती मोरीवर वाकली, डोळे पांढरे झाले, आणि ओकारीसरशी तो घास, आणि त्याच्यासोबत लालसर धागा असलेली चिकट लाळ, बाहेर पडली. धापा टाकत तिनं मान वर केली.

दारात प्रेमलता उभी होती.

विड्याची पानं न्यायला आली असेल. हिरवा शालू, नाकात नथ, हातात रिकामं तबक. दोघींची नजरानजर झाली. किती वेळ? चुलीवरचं दूध वर येऊन खाली जाईल, इतकाच. प्रेमलतेच्या नजरेत आधी भीती आली, मग ओठ हलले, आता ती विचारील, 'बाई, काय झालं?' असं गोपिकेला वाटलं, आणि त्या एका क्षणात तिचं सारं अंतःकरण त्या प्रश्नाकडे धावलं... पण बाहेरच्या खोलीतून कोणीतरी हाक मारली, "अवं प्रेमा, व्याही आले अमरावतीचे! तारीख धरून राहिले!"

प्रेमलता एक पाऊल मागं सरकली. आणि तिनं दार लोटून घेतलं.

हळूच. अगदी हळूच, कडीचा आवाजही होऊ न देता.

पुढं त्याविषयी दोघींत एक शब्द झाला नाही. लग्नाची तारीख डिसेंबरची धरली गेली. गोपिकाही गप्प राहिली. तिनं स्वतःला शंभरदा सांगितलं, आपणही सांगणारच नव्हतो! रितूच्या लग्नाच्या तोंडावर घरात दुखणं काढायचं का? मोठीआईच्या दवाखान्यापायी पोरीची तारीख मोडली असती तर आपणच आपल्याला क्षमा केली नसती. सारं खरं! तरीही मनाच्या तळाशी एक काटा रुतून बसला होता, घशातल्या गाठीहून टोकदार. आपण लपवलं असतंच... पण तिनं एकदा विचारायचं तर होतं!

लग्न थाटात झालं. गोपिकेनं चार महिने वरणाच्या पाण्यावर आणि ताकावर काढून पापड लाटले, रुखवत मांडलं, साडीच्या निऱ्या रोज एक जास्त घातल्या, म्हणजे कंबर भरल्यासारखी दिसे. मनोहररावांनी न विचारता दर आठवड्याला ॲसिडिटीचं गुलाबी औषध आणून खिडकीत ठेवलं. पाठवणीच्या वेळी रितिका मोठीआईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली, आणि सगळ्यांसमोर तिनं संत्रा बर्फीचा तुकडा तिच्या तोंडात घातला. "आतापर्यंत तू भरवलं, आज माह्या हातानं खाय!" गोपिकेनं तो तुकडा जिभेवर धरून ठेवला. हसली. हात हलवला. गाडी गल्लीच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत हसत राहिली, आणि मग मांडवाच्या कनातीमागं जाऊन तो तुकडा पदरात काढला... अमृत नाकारल्याचं पाप लागावं, तसा तिचा त्या क्षणी जीव लाजला!

संक्रांतीच्या दिवशी तीळ भाजताना ती गॅसजवळच कोसळली. तेव्हा कुठं तिला दवाखान्यात नेलं.

त्या हॉस्पिटलच्या दारावर 'कॅन्सर' हा शब्द मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेला होता. त्याच्याखालून तिची चाकांची खुर्ची ढकलत मनोहरराव म्हणाले, "काई नाई वहिनी, सूज हाय सूज." गोपिका सातवी शिकलेली होती. तिनं मान डोलावली. दिराचं मन तिनं आजवर कधी मोडलं नव्हतं.

डॉक्टर काजल मेश्राम तरुण होती, रितिकेहून चारदोन वर्षांनी मोठी. तिनं कागद पुढं ओढला.

"गिळायला त्रास कधीपासून आहे?"

मनोहररावांनी प्रेमलतेकडे पाहिलं. प्रेमलतेनं पंख्याकडे.

"आधी काय अडकायला लागलं? पोळी, भाकर? मग भात? मग पातळही? क्रम महत्त्वाचा असतो, म्हणून विचारते."

"तसं आहे मॅडम," मनोहरराव घसा खाकरून म्हणाले, "वहिनी आमच्यासोबत जेवत नाईत न."

"म्हणजे?"

"म्हणजे मागून जेवतात. स्वयंपाकघरात. दार लोटून."

"किती दिवसांपासून?"

"एकोणतीस वर्सं झाली असतील..."

डॉक्टरांचं पेन थांबलं. तो आकडा तिनं लिहिला नाही. छापील कागदावर त्याच्यासाठी रकाना नव्हता. मग ती गोपिकेकडे वळली आणि मऊ आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही सांगा."

गोपिकेनं प्रेमलतेकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. बोल, प्रेमा! आता तरी बोल! मी वाट पाहते आहे... क्षण गेला. दुसरा गेला. तेव्हा गोपिकेनं डोळे मिटले आणि आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं त्या परक्या खोलीत बोलली.

"पंधरा दिवस झाले असतील."

"पंधरा दिवसांत इतकं वजन उतरत नाही, काकू," डॉक्टर एवढंच म्हणाली. पण प्रेमलतेच्या बोटाभोवतीचा पदर सुटला, हे गोपिकेनं पाहिलं.

मग तपासण्या झाल्या. घसा बधिर करणारा फवारा मारून दुर्बिणीची नळी आत घातली, ती अर्ध्यावरच अडली. अन्ननलिकेच्या मधोमध गाठ होती, तिचा तुकडा तपासायला गेला. आठ दिवसांनी उत्तर आलं. मग सगळ्या शरीराचा स्कॅन झाला. डॉक्टरांनी दिराला आणि जावेला आत बोलावलं, कागदावर नळीचं चित्र काढून समजावलं. बाहेर खुर्चीवर बसलेल्या गोपिकेला कोणी काही सांगणार नव्हतं. पण दार नीट लागलं नव्हतं. दारं लागली की नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळणार!

"मानेतल्या गाठींपर्यंत आणि यकृतापर्यंत पसरलंय. आवाजाची नस दाबली गेलीय, म्हणून आवाज बसला."

"ऑपरेशन?" मनोहररावांचा आवाज फाटला.

"आता नाही करता येणार."

"अन् चारपाच महिन्याअगोदर आणलं असतं तर?"

"छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकत नाही. पण तेव्हा एका जागी असतं, तर एक वाट होती. आधी किमो आणि रेडिएशनचा शेक, मग ऑपरेशन. बिघडलेली नळी काढतात, जठराचीच नळी करून वर जोडतात. मोठं ऑपरेशन असतं. पण त्या वाटेनं गेलेले लोक माझ्याकडे आजही तपासणीला येतात, चालत येतात."

आत मनोहररावांची खुर्ची करकरली.

"आणि आता?"

"किमो त्यांना झेपणार नाही. शरीराची रोगाशी लढायची ताकद जागी करणारी नवी औषधं आहेत, पण त्यांचा उपयोग होईल असं तुकड्याच्या तपासणीत दिसत नाही. नळीत जाळी बसवू. दुर्बिणीतूनच, अर्ध्या तासाचं काम. ती आत गेल्यावर उघडते आणि वाट मोकळी करते. मऊ, पातळ जेवता येईल. दुखलं तर थोडा शेक देऊ. यानं दिवस वाढतील असं मी म्हणणार नाही. घास उतरेल, एवढंच म्हणते."

तरीही संमतीच्या कागदावर गोपिकेनं सही केली नाही. एकदा नाही, दोनदा. पेन हातात दिलं की ती ते परत द्यायची. "घाबरल्या," मनोहरराव म्हणाले. "हट्टी आहेत," प्रेमलता म्हणाली. डॉक्टरांनी तिसरी तारीख दिली आणि दिराला बजावलं, याहून उशीर झाला तर पाणीही उतरणार नाही, मग जाळीची तारसुद्धा त्या फटीतून जायची नाही, पोटाला भोक पाडून नळीनं अन्न घालावं लागेल.

ती तिसरी तारीख उद्याची होती.

गोपिका घाबरली नव्हती. मरण तिनं रुपरावांच्या उशाशी बसून पाहिलं होतं. पण ज्या घरात आपला एक घास कोणी पाहिला नाही, आणि जिनं पाहिला तिनं दार लोटून घेतलं, त्या घरात आता घास उतरवून काय करायचं? चार चमचे खीर जास्त खायची आणि पुन्हा त्याच खोट्या 'सूज हाय' मध्ये मरायचं? तिला उपचार नको नव्हते. तिला खरं हवं होतं. एक वाक्य! ते प्रेमलतेनं म्हटलं असतं तर तिनं दहा कागदांवर सह्या केल्या असत्या. ते तोंडानं मागता येत नव्हतं. मागून मिळालं असतं तर त्याचं मोल काय राहिलं असतं?

भिंतीपलीकडे जिरं शेवटी सापडलं नाही. बिनजिऱ्याच्या फोडणीचा वास आला.

दुपारी बाराच्या सुमारास रितिका आली. अमरावतीच्या बसमधून उतरून, ऑटोतून, बॅग दारातच टाकून ती सरळ धान्याच्या खोलीत शिरली आणि उंबऱ्यावरच थबकली. कालपर्यंत फोनवर तिला 'थोडी अशक्त झाली' एवढंच सांगितलं होतं, आणि फाईलच्या कागदांवर हे रूप दिसत नव्हतं. खाटेवर, गोधडीखाली, माणूस आहे की नुसती गोधडीची वळी, तेही कळेना!

"मोठीआई!" ती धावून खाली बसली, तो काटकुळा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. "हे काय झालं वं! दोन महिन्यांत कोणी असं होते का?"

गोपिकेनं तिच्या हिरव्या चुड्यावरून बोट फिरवलं. बोलता येईना, म्हणून डोळ्यांनीच विचारलं, सुखात आहेस ना?

"माह्यं राहू दे. बाबा! आई! इकडं या दोघंही." रितिकेचा आवाज चढला. "बाबा, तुम्ही काल फाईलचे फोटो पाठवले न, मी आमच्या डॉक्टरला दाखवले. तो म्हणाला, हे वर्षभराचं असेल, निदान सहासात महिन्यांचं. कोणाच्याच कसं ध्यानात नाई आलं? एका घरात राहता न तुम्ही?"

मनोहरराव दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. कपाळावर घाम होता. "आता वं बेटा... त्या मागून जेवतात, तुले तर माहीत हाय. दिसलंच नाई आम्हाले. मी औषध आणून देत होतो ॲसिडिटीचं..."

"काहून आणत होता? तिनं सांगतलं होतं?"

मनोहररावांनी कपाळ पुसलं. नाही, तिनं सांगितलं नव्हतं.

प्रेमलता त्यांच्यामागं उभी होती. हातात वाटी, वाटीत गाळलेलं मुगाचं पाणी. तिनं ते खाटेजवळच्या स्टुलावर ठेवलं आणि नेहमीसारखं म्हणाली, "थोडं घ्या बाई. आज गाळून आणलं."

"थांब आई." रितिका एकाएकी ताठ झाली. कुठलंतरी चित्र तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं होतं. "पाठवणीच्या वेळी... मी बर्फी भरवली होती. तिनं चावली नव्हती! मी काचेतून पाह्यलं, ती हसून राहिली होती अन् गाल तसाच फुगलेला. मले वाटलं, रडू आवरून राहिली..." तिचा चेहरा चुरगळला. "सहा महिने घशात गाठ घेऊन माह्या लग्नाचे पापड लाटले तिनं! अन् मी? मी ऐटीत गाडीत बसून गेली! मलेच समजायला पायजे होतं. तिच्या हातानं जेवून मोठी झाली मी, अन् तिचं तोंड मले नाई दिसलं! माह्याच लग्नानं मारलं तिले, माह्याच..."

ती स्वतःच्या कपाळावर हात मारू लागली. हिरव्या बांगड्या फुटल्या, एक काच मनगटात शिरली. गोपिकेनं तो हात धरायचा प्रयत्न केला, पण बोटांत जोर नव्हता. घशातून शब्द उमटेना! 'नको वं राजा, तू नाही, तू नाही...' पण खोलीत ऐकू आली ती फक्त खरखर. तिनं कासावीस होऊन वर पाहिलं. प्रेमलतेकडे. मागणं नव्हतं त्या नजरेत, आरोपही नव्हता. आता त्या दोघींमध्ये ही पोर रक्ताळलेल्या मनगटानं बसली होती, आणि दोघींचीही ती तेवढीच होती.

"रितू, चूप," प्रेमलता म्हणाली. "तुझी चूक नाही."

"मंग कोणाची?"

प्रेमलता पुढं आली, लेकीच्या मनगटातली काच तिनं नखानं काढली, पदरानं रक्त टिपलं. मनोहरराव दारातूनच म्हणाले, "जाऊ दे वं प्रेमा, आता काय उपयोग हाय..." आणि त्या शब्दांत इतकी भीती होती की गोपिकेला दिराचीही कीव आली. म्हणजे यांनाही ठाऊक होतं! यांच्याशीही बोलली होती ती त्या दिवशी... आणि तरी बाटल्या येत राहिल्या खिडकीत, एकामागून एक, कोणीही दार न ठोठावता!

आश्चर्य म्हणजे राग आला नाही. पाच महिने जपून ठेवलेला तो काटा हाताशी आला, तर त्याला टोकच उरलं नव्हतं. समोर उभी असलेली ही बाई काही राक्षसीण नव्हती. दोन लेकरं पुरून तिसरीच्या अक्षता पाहायला जीव टांगून बसलेली एक आई होती. गोपिकेनं श्वास गोळा केला, गोधडीखालचे पाय कष्टानं, एकेक करून, वर ओढून घेतले आणि खाटेच्या पायथ्याशी माणूस बसेल एवढी जागा केली. त्या जागेवर तळहातानं हळूच थोपटलं.

प्रेमलतेनं ती जागा पाहिली. अठ्ठावीस वर्षांत या दोघी एका खाटेवर कधी बसल्या नव्हत्या. ती बसली. तिनं लेकीकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं नाही. गोपिकेच्या डोळ्यांत सरळ पाहिलं, महालक्ष्मीच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदा.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही सुजेनं नाही, कॅन्सरनं चालल्या, अन् तुम्हाला ठाऊक आहे. अन् डॉक्टरसमोर पंधरा दिवस म्हणून माझी लाज राखली, तेही मला ठाऊक आहे. कोणाला दिसलं नाही असं नाही, रितू. रोज रात्री डोळे मिटले की मला ती मोरी दिसते... मी उघडलं होतं दार. मी पाहिलं होतं तुम्हाला, बाई. घास, रक्त, सगळं पाहिलं. पोरीची तारीख मोडेल म्हणून मी विचारलं नाही, अन् यांनाही विचारू दिलं नाही. आम्हाला माहीत होतं, बाई... आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं."